पायरीवरची आजी

यंदा कडुलिंब लवकर मोहोरला. दौंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं झाड आहे. शाळेत शिकवून येताना त्याच्याखाली पाऊल टाकलं की तो गोड आणि किंचित कडू वास अंगावर येतो आणि कॅलेंडर न बघताच मला कळतं, लेंटचे दिवस आले. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा, आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ. पाळकसाहेब त्याचे पुष्कळ अर्थ सांगतात. माझ्यापुरता तो काळ वासांनी भरलेला आहे. दहावीच्या पेपरांच्या कोऱ्या पुरवण्या, बाजारात उतरलेला नवा कांदा, भर दुपारी रुळांवरून येणारी तापल्या लोखंडाची झळ, आणि चर्चमागच्या दफनभूमीत बादलीत भिजवलेला चुना. ईस्टर जवळ आला की आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी धुतो, भोवतीचं गवत उपटतो, चुना लावतो. माझे वडील तिथे आहेत. ते रेल्वेत होते. आयुष्यभर गाड्यांच्या आवाजात झोपले आणि आताही त्याच आवाजात झोपलेत, कारण दफनभूमीची भिंत संपली की रूळच सुरू होतात.

हे वास आले की दरवर्षी एकच साल वर येतं. आईच्या पोटात गाठ निघाली, ते साल.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून बघितले. ऑपरेशन करावंच लागेल, गाठ कसली आहे ते काढल्यावर तपासणीत कळेल, असं म्हणाले. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. परतीच्या गाडीत तिनं शेंगदाणे खाल्ले, खिडकीतून ऊस बघितला, यवत मागे पडल्यावर तिच्या माहेराच्या, खुटबावच्या दिशेला थोडा वेळ मान वळवून बसली. मला वाटलं, धीराची बाई आहे. रडायचं ते मीच मनात रडत होते.

संध्याकाळी आमचे तेव्हाचे पाळकसाहेब आले. नुकतेच शिक्षण संपवून आलेले, तरुण, मोटारसायकलवरून घरोघर फिरणारे. ओसरीवर बसून त्यांनी प्रार्थना केली. आमेन म्हणून झाल्यावर आईनं विचारलं, "पाळकसाहेब, एक विचारू का?"

"विचारा ना, आजी."

"मी गेले तर आमचे मालक तिकडे भेटतील, एवढं मला ठाऊक आहे. पण माझी आई भेटेल का?"

पाळकसाहेबांना प्रश्न नीट कळला नसावा. "त्यांचा बाप्तिस्मा झाला होता?"

"नाही. धनगराची बाई ती. शेवटपर्यंत कपाळाला भंडारा लावायची."

त्यांनी चहाच्या कपात बघितलं. मग हळूच म्हणाले, "मार्ग एकच, असं शास्त्र सांगतं, आजी. बाकी सगळं देवाच्या हाती. आपण त्याचा फार विचार करू नये."

आईनं मान हलवली. त्यांना गेटपर्यंत पोचवायलाही गेली. मोटारसायकलचा आवाज वळणावर विरला तशी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग मला जायचं न्हाई."

"कुठं?"

"पुण्याला. आन् वरबी."

आईच्या भाषा दोन. मिशनच्या बोर्डिंगात शिकल्यामुळे एरवी ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलते. घाबरली, रागावली किंवा फार आनंदली की माहेरची बोली बाहेर येते. त्या संध्याकाळी ती 'न्हाई' म्हणाली आणि मी ओळखलं की गाडीतले शेंगदाणे धीराचे नव्हते.

"गुंगी देणार मला," ती म्हणाली. "त्यातनं उठलेच न्हाई तर? मी कुठं चाललेय आन् तिथं कोण असंल, ते आधी कळू दे."

डॉक्टरांनी दिलेली तारीख तिनं घेतली नाही.

माझ्या आठवणीतली आजी चर्चच्या पायरीवर बसलेली आहे. महिन्यातून एखाद्या रविवारी ती खुटबावहून यायची. खांद्यावर घोंगडी, काष्टा घातलेलं लुगडं, हातात तुपाची पितळी किटली. आम्ही उपासनेला गेलेलो असायचो. ती थेट चर्चपाशी यायची आणि पायरीवर, भिंतीच्या सावलीत बसून राहायची. दार उघडं असल्यामुळे तिला आतलं सगळं ऐकू जायचं. आई दर वेळी बाहेर येऊन म्हणायची, "आत ये की गं, बाकावर बस." आणि आजीचं उत्तर ठरलेलं, "हितं बरी हाय. वारं लागतंय."

एका रविवारी प्रवचनात हरवलेल्या मेंढराचा दाखला होता, येशूनं सांगितलेली गोष्ट. घरी आल्यावर जेवता जेवता आजी वडिलांना म्हणाली, "जावईबापू, तुमचा पाद्री काय सांगत हुता? बाकीची समदी मेंढरं रानात टाकून धनी एकीच्या मागं गेला? आन् लांडगं काय उपाशी बसत्यात व्हय? तुमच्या देवाला मेंढरं राखाया कुणी शिकवलं न्हाई." वडिलांना हसता हसता ठसका लागला. आजीनं भाकरीचा तुकडा मोडला, थोडा वेळ तसाच हातात धरला. मग म्हणाली, "पर जातो माणूस. ल्हान कोकरू असंल तर जातो. लई वरडतं ते."

त्या दाखल्यावर मी पुढे मोठमोठ्या विद्वानांची प्रवचनं ऐकली. एकाच्याही हाताला मेंढरांचा वास नव्हता.

आजी गेली तेव्हा मी कॉलेजात होते. दहाव्याला आई मला घेऊन खुटबावला गेली. ओढ्याकाठी सगळी भावकी जमलेली, पिंड ठेवलेले, माणसं कावळ्याची वाट बघत उभी. आई त्यांच्यात मिसळली नाही. लांब एका बाभळीखाली डोक्यावर पदर घेऊन बसली. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं आणि ये असंही कुणी म्हणालं नव्हतं. लेकीच्या देवाच्या दाराबाहेर आई बसायची, आणि आईच्या शेवटच्या विधीबाहेर लेक बसली. त्या दिवशी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्यासारख्या घरांत माणसं अशी थोडी अलीकडे, थोडी पलीकडे बसतच असतात.

शाळेत नवीन शिक्षक आले की कधी ना कधी विचारतात, "बाई, तुम्ही मूळचे कोण?" त्यात कुचका हेतू नसतो, नुसती उत्सुकता असते. मी सांगते, आईकडून धनगर. मग पुढचा प्रश्न येतो, "मग ख्रिस्ती कधी झालात?" जसं काही एका सकाळी उठून कुणी कपडे बदलावेत. आमच्या नाताळाला करंज्या असतात, पुरणपोळी असते. चर्चमधली गाणी टाळ-तबल्यावर चालतात. आईचं चर्चमधलं नाव सारा आणि माहेरचं सखू. दोन्ही नावांना ती ओ देते. श्रद्धा घरात नेमकी कुठल्या दारातून आली, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? आईची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली, ती एवढीच : ती लहान असताना फार आजारी पडली, तिच्या आईनं तिला शिरूरकडच्या मिशनच्या दवाखान्यात सोडलं आणि मेंढरांमागं निघून गेली. तिथल्या एका नर्सबाईनं तिला वाचवलं, अक्षरं शिकवली, येशूची ओळख करून दिली. ही गोष्ट सांगताना 'निघून गेली' या शब्दांवर आईचा आवाज म्हातारपणीही जरासा अडखळायचा.

तारीख टाळली त्याला आठवडा होत आला. आई जेवायची, औषध घ्यायची, प्रार्थनेला बसायची, पण डोळे मिटून गप्प राहायची. एरवी तिची प्रार्थना शेजारच्यांनाही ऐकू जाते. मला मरणाची भीती समजत होती. आईची भीती वेगळी होती. तिला एकटीनं पोचायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तिचा प्रश्न आमच्यातल्या सगळ्यांचाच आहे, आम्ही तो मोठ्यानं विचारत नाही एवढंच. कुठल्याही मराठी ख्रिस्ती घराच्या मागे दोन-तीन पिढ्या चालत जा, तिथे कुणीतरी उभं असतं जे आत आलं नाही. त्याचेच डोळे, त्याचंच नाक घेऊन आम्ही बाकांवर बसलेले असतो.

शनिवारी सकाळी आई म्हणाली, "मला दादाकडं ने."

धुळामामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. मेंढरं त्यानं केव्हाच विकली. आता ऊस, कांदा आणि दोन गाई. आम्ही पोचलो तेव्हा कांद्याची काढणी चालू होती. बाया ओळीनं बसून पात कापत होत्या आणि सगळ्या शिवारात तो डोळ्यांत पाणी आणणारा वास भरून राहिला होता. मामा बांधावरून हात झटकत आला.

"सखू! एवढी वाळलीस व्हय गं?" मग माझ्याकडे बघून, "काय गं पोरी, आईला खायाला घालती का न्हाई?"

पत्र्याच्या शेडमध्ये सावलीला बसलो. मामीनं भाकरी आणि ओल्या कांद्याची भाजी आणली. आईनं दोन घास खाल्ले आणि आजाराचं सगळं सांगितलं.

"मग कर की आपरेशन," मामा म्हणाला. "भ्या कशाचं?"

"दादा, आई मला भेटंल का रं? मेल्यावर?"

मामाला प्रश्नच कळेना. "न भेटाया काय झालं? तुझीच आई न्हवं ती?"

"ती माझ्या देवाची नव्हती."

मामाच्या हातातला घास तसाच राहिला. "कोण म्हणलं?"

"तिनं कधी मानला का माझा देव? मला दवाखान्यात टाकून निघून गेली ती."

"टाकून?" मामा एकदम चिडला. शेडबाहेरच्या बायांनी वळून बघितलं. "तवा मी हुतो संगं. तुला काय आठवतंय? तुला शुद्ध हुती का?"

मग त्यानं सांगितलं. त्या वर्षी त्यांचा मेंढरांचा तळ तळेगाव ढमढेऱ्याच्या रानात होता. सखूच्या मानेला गाठी आलेल्या, ताप उतरेना. देवऋषी झाला, झाडपाला झाला. बाप, म्हणजे आबा, म्हणाला, पोरीचं काही खरं नाही, तळ हलवायला हवा, चारा संपला. तेव्हा आजीनं सखूला घोंगडीत घालून पाठीशी बांधलं आणि शिरूरच्या वाटेला लागली. मामा पोरसवदा, पाण्याची कासंडी घेऊन मागं मागं.

"दवाखान्यात तुला आत न्हेली. आम्ही व्हरांड्यात. आई काय हालंना तिथनं. भितीवर एक फोटू हुता. माणूस खांबाला खिळल्याला, आन् खाली त्याची आई हुबी. तिला काय ठावं कोण ते. झाडूवाल्या बाईला इचारलं. ती म्हणली, ह्यो ह्यांचा देव. आईनं लई येळ बघितलं. मग कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली. फोटूच्या खाली चिमूट ठिवली आन् म्हणली, 'ह्या बाईला कळंल माझं. माझी पोर जगव बाबा. जगली तर ती तुझी. म्या मागायची न्हाई.'"

मामानं हातातला घास ताटात ठेवला.

"तू जगलीस," मामा म्हणाला. "नर्सबाई म्हणली, हितंच ऱ्हाऊ द्या, शिकंल. आई तुला ठिवून निघाली ती तळेगावपतूर रडत आली. टाकून न्हाई आली. दिऊन आली. पुढं तुझं पाणी झालं, बाप्तिस्मा का काय ते, तवा आबा कुऱ्हाड घिऊन निघालं हुतं. आई दारात आडवी झाली. म्हणली, 'म्या दिलीया. आता मागायची कशी?'"

आईनं ताट बाजूला सारलं. "दादा, आरं, मला कवाच का सांगितलं न्हाईस?"

मामा खरोखरच गोंधळला. "त्यात काय सांगायचं? मला वाटलं, तुला ठावं हाय."

मामी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "कांदा लई उग्र हाय औंदा."

मामा आमच्याबरोबरच दौंडला आला, कांद्याची गोणी घेऊन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब आपणहून आले. बसायच्या आधीच म्हणाले, "आजी, त्या दिवशी मी घाईनं उत्तर दिलं. तेव्हापासून मला चैन नाही."

"बसा," आई म्हणाली. "दादा, सांग ह्यांना."

मामानं सगळं पुन्हा सांगितलं, भंडाऱ्यासकट. मला वाटलं, भंडाऱ्याशी पाळकसाहेब अडतील. ते अडले नाहीत. मग त्यांनी मामालाच एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. एक माणूस होता, हातपाय लुळे पडलेला. चौघांनी त्याला बाजेवर घालून प्रभूकडे आणलं. पण घराला इतकी गर्दी की दारातून शिरता येईना. तेव्हा ते वर चढले, छप्पर उचकटलं आणि बाज दोरांनी खाली सोडली.

"छप्पर फोडलं?" मामा म्हणाला. "घरवाला काय म्हणला?"

पाळकसाहेब हसले. "ते लिहिलेलं नाही, मामा." मग आईकडे वळले. "आजी, ही गोष्ट मी किती वेळा शिकवली असेल. पण आज कळतंय, की त्या आजारी माणसाचा विश्वास होता का, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. प्रभूनं पाहिला तो त्याला उचलून आणणाऱ्यांचा विश्वास. त्यांना तर आत पाऊलही टाकता आलं नव्हतं. ती माणसं छपरावरच होती."

"भाईरच," आई म्हणाली.

"बाहेरच. तुमच्या आईचा न्याय करायचा अधिकार मला नाही, आजी. मी शिकलो त्यात सगळ्याची उत्तरं नाहीत. पण एवढं सांगतो. तुमचा विश्वास त्या नर्सबाईंपासून सुरू झाला असं तुम्ही मला सांगितलं होतंत. मला तसं वाटत नाही. तो पाठीवरच्या घोंगडीत सुरू झाला."

पदराचं टोक तोंडाशी धरून आई रडायला लागली, मोकळी, आवाज करून, लहान पोरीसारखी. मामा तिच्या पाठीवर थोपटत राहिला. मी उठून आत गेले आणि उगीचच पाणी पिऊन आले. परत आले तेव्हा तिनं तोंड पुसलेलं होतं.

"पुण्याला फोन लाव," ती मला म्हणाली. "तारीख घे. आणि पाळकसाहेबांना कांदे दे थोडे."

ऑपरेशनच्या सकाळी मामानं वॉर्डात कनवटीची पुडी काढली. चिमूट बोटांत धरून तो पाळकसाहेबांकडे बघत राहिला. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत होते. आई म्हणाली, "कपाळाला नको, दादा. मी लावत नाही, तुला ठाऊक आहे. हातावर दे." तिनं मूठ मिटली. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि या वेळी आईचं आमेन पलीकडच्या वॉर्डातही ऐकू गेलं असेल. आत नेताना नर्सनं तिला हात धुवायला लावले. तरी तळव्याच्या रेषांत पिवळं राहिलंच.

आम्ही तिघं बाकावर बसलो. मामा दर थोड्या वेळानं विचारायचा, "सुदीवर आली का?" शेवटी डॉक्टर बाहेर आले, मास्क गळ्यात ओढून म्हणाले, "व्यवस्थित झालं." आणि काही दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. गाठ साधी होती. फोनवर ते ऐकलं तेव्हा मी वर्गात होते. मुलांना वाचायला सांगून मी व्हरांड्यात आले, खांबाला टेकले. समोर मैदानावर उन्हात धूळ भिरभिरत होती. इतकी सुंदर धूळ मी पुन्हा पाहिली नाही.

त्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला आई रिक्षातून आली. दफनभूमीत उजाडत होतं, चुना लावलेल्या कबरी अंधारातून एकेक करून पांढऱ्या होत होत्या. रुळांवरून मालगाडी गेली आणि तिचा आवाज संपेपर्यंत पाळकसाहेब थांबले. मग उठलेल्या प्रभूची वार्ता सांगितली. शास्त्रात आहे की त्या पहाटे कबरीकडे आधी गेल्या त्या बायकाच. त्या काही समजून-उमजून गेल्या नव्हत्या. मेलेल्या आपल्या माणसाला सुगंधी द्रव्य लावायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. हातात पुड्या घेऊन चाललेल्या त्या बायका मला त्या सकाळी अगदी ओळखीच्या वाटल्या.

त्याला आता काही वर्षं झाली. आई अजून आहे, चालते थोडी कमी, बोलते थोडी जास्त. पाळकसाहेबांची दुसरीकडे बदली झाली, पण आईला फोन करतात. शाळेत कुणी विचारलं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात, तर मी आता गडबडत नाही. म्हणते, आमच्या आजीपासून. ती ख्रिस्ती होती का, असं कुणी विचारलं तर म्हणते, ते तिला आणि देवाला ठाऊक.

परवा आम्ही दोघी वडिलांच्या कबरीला चुना लावून परत आलो. आई ओसरीवर पाय पसरून बसली, मी तिच्या पायाला तेल चोळत होते. मरणाबद्दल ती आता गावाला जायचंय अशा सुरात बोलते. मी सहज विचारलं, "आई, आजी भेटली की पहिल्यांदा काय बोलशील?"

ती हसली.

"मी कशाला बोलतीय? तीच आधी वरडंल. म्हणंल, भवाने, किती वाट बघायची, भाकरी गार झाली." पायाचा अंगठा तिनं माझ्या हातातून सोडवून घेतला. "मी सांगंन, डॉक्टर सोडत नव्हता."